एकही डाग नसलेली तबकडी

ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही, बाबा चार पावलांवर असतात. म्हणून पत्र.

त्यांना इकडे आणून पंधरा दिवस झाले. आई गेल्यावर त्या दोन खोल्यांत एकटेच, त्यात मागच्या महिन्यात न्हाणीघरात पडले. म्हणून हट्टाने आणलं. रमलो तर कायमचा राहीन, नाही तर परत, असं त्यांनीच ठरवलंय. तिकडच्या घरमालकालाही वीस तारखेपर्यंत उत्तर हवंय.

चाळीस वर्षं थिएटरात मशीन चालवलेला माणूस सिनेमानेच रमेल, असं म्हणून मी दुकानातून ब्लू-रे प्लेयर उचलून आणला. हसू नकोस! दिवसभर गिऱ्हाइकांना मी तेच तर दाखवतो. निवडून निवडून तीन तबकड्या आणल्या. पहिली समुद्राखालची, माशाचा खवला न् खवला दिसतो. बाबा अठराव्या मिनिटाला उठले. दुसरी वाळवंटातल्या लढाईची, वाळूचा कण मोजून घ्यावा. पुन्हा तेच. उठतात, दारापर्यंत जातात, परत येऊन खुर्चीच्या टोकावर टेकतात. शेवटी त्यांच्याच काळातला कृष्णधवल सिनेमा आणला, नव्याने साफ केलेला, एक डाग शोधून दाखव म्हणावं. तर त्यात सगळ्यांत जास्त तगमग. धड चित्राकडे बघत नाहीत, वरच्या कोपऱ्यात काय बघतात देव जाणे. विचारलं तर छान आहे म्हणाले, आणि कपडे भरायला बॅग मागितली.

चौथी कुठली आणू? की तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारतेस? लवकर लिही, आणि निदान रागावण्यापुरता तरी लोभ ठेव.

तुझा,
धांदल्या

ता. ८

चि. धांदल्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग लगेच लिहायला बसले. डॉक्टरबिक्टर काही नको.

तू शेंडेफळ, तुला मशीनच्या खोलीत कधी कोणी नेलं नाही. डबा घेऊन मी जायची. तिथे मशीनं दोन, आणि एक रीळ वीसेक मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका उमटायचा. तो दिसला की बाबा दुसरं मशीन सुरू करायचे. सात-आठ सेकंदांनी पुन्हा ठिपका, की चित्र त्या मशीनवर घ्यायचं. चुकलं तर पडदा पांढराफटक आणि खालून शिट्ट्या. तोंडातला घास तसाच धरून कोपऱ्याकडे टक लावलेले बाबा मी पाहिलेत.

आणि तू दीडशहाणा, ज्यातून तो ठिपकासुद्धा पुसून टाकलाय अशी तबकडी शोधून आणलीस! बिचारे वाट बघताहेत, तो येत नाही. जिवाला चैन कशी पडणार?

चौथी आणू नकोस. तीच जुन्या सिनेमाची त्यांच्या हातात दे, त्यांनाच लावू दे, आणि सांग की बदलायचं काही नाही, सगळा सिनेमा हिच्यातच आहे. घरमालकाचा काल पुन्हा फोन आला होता. थाप मारून वेळ काढलाय. तेवढ्यात काय ते कर.

भाऊ म्हणून लोभ आहे, सेल्समन म्हणून मुळीच नाही.

ताई

ता. ११

ती. ताईस,
सा. न.

काल तसंच केलं. बाबांनी तबकडी उलटसुलट करून पाहिली आणि दुसरा भाग कुठाय म्हणून तीनदा विचारलं. अठरावं मिनिट आलं तसे त्यांचे हात खुर्चीवर घट्ट आवळले. आता उठतात की काय! मग हळूहळू मागे टेकले, आणि सबंध सिनेमा जागचे न हलता पाहिला. मी मनातल्या मनात नाचत होतो गं.

पण संपल्यावर थेट खोलीत गेले. जेवले नाहीत. सकाळपासून तुलाच काहीतरी लिहिताहेत आणि मी जवळ गेलो की कागदावर हात ठेवतात. भरलेली बॅग पलंगावर तशीच आहे. माझं काय चुकलं? जातील ना गं हे!

घाईत आहे, लोभाचं तूच समजून घे.

धांदल्या

ता. ११

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

धाकट्याने सिनेमा दाखवला. चित्र कसलं स्वच्छ! त्या बाईच्या केसांची बट न् बट दिसते. हा सिनेमा मी अकरा आठवडे चालवला, पण बसून कधी पाहिला नव्हता. शेवटचं रीळ चढवलं की पुढच्या खेळासाठी आधीची रिळं उलटी गुंडाळायची घाई, आणि खडखडाटात ऐकू काही यायचं नाही. बंदरावर बोट लागते एवढं माहीत होतं. मी आपला धरून चाललो होतो की तिचा नायक त्या बोटीने परत येतो. बोट येते गं, तो येत नाही.

तुझी आई पासावर एकटीच आली होती या सिनेमाला. घरी आली ती डोळे सुजवून. मी तिला हसलो. म्हणालो, गोड शेवटाच्या सिनेमाला रडणारी तूच पहिली. तिने नुसती जेवणाची पानं घेतली. ते काल समजलं, आणि माझं चुकलं म्हणायला ती नाही. घास उतरेना. धाकट्याने नाहक धसका घेतलाय, त्याला समजाव.

माझ्या थिएटरात तिने शंभरेक सिनेमे तरी पाहिले असतील. मला ते सगळे शेवटापर्यंत पाहायचेत. धाकटा शोधून आणील, त्यात तो तरबेज आहे. घरमालकाला खोल्या सोडल्या म्हणून कळव.

तुम्हा दोघांवर लोभ पहिल्यापासून आहे, आज लिहून कळवतो.

बाबा