उन्हातली गोल बाहुली

सिंदेवाही, रविवार, संध्याकाळ

त्या खडकावरच्या पालीच्या डोळ्याची बाहुली गोलच आहे! तिचा मागचा फोटो कपारीतला, अंधारातला होता. कॉलेजचे सर म्हणाले, "अंधारात घरच्या पालीचीही गोलच दिसते. दिवसा फिरणारी पाल आपल्याकडे नाही." चूक माझीच. म्हणून आज नाल्याकाठच्या खडकावर ऊन येईपर्यंत बसलो. आली. बोटाएवढी, करडी, पाठीवर काळे ठिपके. भर उन्हात घरच्या पालीची बाहुली उभी रेघ होते. हिची? गोल! म्हणजे ही दिवसा फिरणारीच.

सोबत आलेली बायको वैतागली, "पालीच्या डोळ्यात काऊन पाहून राह्यले? माह्या डोळ्यात कधी पाह्यलं?"

मी भिंग तिच्या हातात दिलं. ती खडकाशी वाकली. मग हळूच, "गोल हाय जी. टिकलीवानी."

उद्या सरांकडे नवा फोटो नेतो. आणि बायकोलाही, साक्षीला.