तिघांची पिवळी फाइल

४ फेब्रुवारी, सोमवार
नवी नोकरी. सहावी आणि शेवटची. पोस्ट: संपर्क सहायक. एकट्या पडलेल्या, आजारी, दुसऱ्याच्या भरवशावर जगणाऱ्या मोठ्या माणसांची एकेक पिवळी फाइल असते. ती मी दवाखान्यातल्या नर्सबाई, चौकीतले हवालदार आणि समाजकल्याणच्या मॅडम यांच्याकडे फिरवायची. तिघांनी आपापल्या रकान्यात लिहिलं की तिघं मिळून त्या घरी जातात. साहेब म्हणाले, फाइल थांबली की माणूस थांबतो. वाक्य आवडलं. टेबलावर चिकटवणार. (चिकटपट्टी आणणे.)

५ फेब्रुवारी
पहिली फाइल: बाइंडर आजोबा. जन्मभर पुस्तकं बांधली. आता डोळे अधू, शुगर, डाव्या पायाला जखम. पुतण्या सकाळी बाहेरून कुलूप घालून कामाला जातो, रात्री उशिरा येतो. त्याचं म्हणणं, म्हातारा भटकतो. तक्रार शेजारच्या इस्त्रीवाल्या काकूंची.
खिडकीच्या गजांतून बोललो. माझ्या पिशवीत पाच नोकऱ्यांच्या डायरीची सुटी पानं होती. आजोबांनी चाचपली. म्हणाले, लेका, आयुष्य असं सुटं ठेवू नये, दे इकडे, शिवून देतो. दिली. पायाचा वास खिडकीपर्यंत येत होता. सोमवारी तिघांना घेऊन येतो, असा शब्द दिला. म्हणाले, ये, तोवर शिवून होईल.

७ फेब्रुवारी, गुरुवार
जबरदस्त दिवस. नर्सबाईंकडे चाळीस घरं. आजोबांच्या दाराचं कुलूप बघून दोनदा परत आल्यात. विचारत होत्या, हवालदार उघडून देतील का. म्हटलं, ते बघतायत. विचारलं नव्हतं अजून, पण विचारल्यावर बघणारच ना. हवालदार म्हणाले, नर्सच्या चिठ्ठीशिवाय मी कुणाच्या दाराला हात लावत नाही, उद्या माझ्यावरच शेकायचं. त्यांना सांगितलं, नर्सबाईंचं चालूच आहे. मॅडमना सांगितलं, ते दोघं लागलेत मागे, तुम्ही निर्धास्त राहा.
एका दिवसात तीन माणसांची काळजी मिटवली. याला म्हणतात संपर्क. फाइल दाखवायची तेवढी राहिली. पिशवीत तळाला गेली होती.

११ फेब्रुवारी, सोमवार
आजोबांकडे निघालो होतो. वाटेत मैदानावर मॅच. एका टीमला गोलकीपर नव्हता. माणूस अडलेला असताना पुढे जाणं माझ्या स्वभावात नाही. सात गोल खाल्ले, पण एक अडवला, तो बघायला हवा होता. पिशवी गोलपोस्ट म्हणून ठेवलेली, त्यामुळे फाइलवर बॉलचा शिक्का उमटलाय. पुसता येईल.
आजोबांकडे उद्या. नक्की.

१३ फेब्रुवारी
इस्त्रीवाल्या काकू थेट ऑफिसात. म्हणे आजोबांची हाक बारीक झालीय, भावाला बोलावून कुलूप तोडू का? मी शांतपणे समजावलं, की असं करू नका, केस होईल, तीन-तीन ऑफिसं यात आहेत. काकू म्हणाल्या, अरे बाबा, दोन घरचा पाहुणा उपाशी, आणि इथं तर तीन घरं! म्हण बरी आहे, पण काकूंना सिस्टिम कळत नाही. थांबा म्हटलं. थांबल्या.

१८ फेब्रुवारी, सोमवार
मधले चार दिवस सर्दी. आज भरपाई केली. कोण कुणाला काय कळवतं याचा मोठा तक्ता काढायला घेतला. नर्सबाई लाल, हवालदार निळे, मॅडम हिरव्या. बाण काढता काढता पाच वाजले. मधोमध गोल काढून त्यात आजोबा लिहिलं. हिरवा पेन संपला. उद्या पेन, मग आजोबा.

१९ फेब्रुवारी
पेन आणायला गेलो तेव्हा घडलं. नर्सबाई आणि हवालदार चहाच्या टपरीवर समोरासमोर आले. बाईंनी विचारलं, उघडलंत का हो ते दार? हवालदार म्हणाले, म्हणजे? तुम्ही जाऊन आलात ना? दोघंही चहा तसाच टाकून पळाले. कुलूप फोडलं. आजोबा खाटेखाली पडलेले.
पेन चांगला मिळाला.

२० फेब्रुवारी
हॉस्पिटल. पाय गुडघ्यापासून काढलाय. मला आवाजावरून ओळखलं. म्हणाले, आलास का? काकू रोज विचारायच्या, कुणाला बोलावू का. मी म्हणायचो, नको गं, पोरगा तिघांना घेऊन येणार आहे, शब्द दिलाय त्यानं.
रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

२५ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी ४
आजोबा शनिवारी गेले.
आज मीटिंग झाली. तिघं पहिल्यांदाच एका टेबलाशी. नर्सबाई रडल्या. म्हणाल्या, चूक माझी, मी गृहीत धरलं. हवालदार म्हणाले, नाही बाई, माझी. कुणी कुणाला काय सांगितलं होतं, हे कुणाला धड आठवेना. मला आठवत होतं. साहेबांनी फाइल मागितली. तिन्ही रकाने कोरे. बॉलचा शिक्का अंगठ्यानं पुसून पाहिला.
बाहेर काकू उभ्या होत्या. आजोबांच्या उशाखाली सापडलं म्हणून एक पुडकं दिलं. माझी पानं. हाताला लागतील तशी लावलेली, नोकऱ्या मागेपुढे झाल्यात, पण टाके सगळे सारखे. शेवटी त्यांनी कोरी पानं घातलीत. दोरा लोंबतोय. गाठ मारायची राहिलीय.
हे त्यातल्याच पानावर लिहितोय. आज साहेबांना सगळं सांगणार. ऑफिस साडेपाचपर्यंत असतं. भरपूर वेळ आहे. आधी नीट मुद्दे काढतो.

संध्याकाळी ५.५०
गेलो होतो. दाराला कुलूप. खिडकीशी थोडा वेळ उभा राहिलो.