तोंडातली पिल्लं

४ मार्च
लागली बुवा नोकरी! पोंतियानाक शहराजवळच्या मत्स्यशेतीवर आलो. एकसष्ट तळी, प्रत्येकात लाल अरोवाना, शोभेचे महागडे मासे. नदीतला हा मासा पकडायला बंदी; तळ्यात जन्मलेला तेवढा विकता येतो. तशी खूण म्हणून प्रत्येकाच्या अंगात तांदळाएवढी चिप टोचायची, हे माझं काम. स्वयंपाकीण माक याम आंबटतिखट रस्सा वाढताना म्हणाली, बायको पोटुशी नि दोन जिवांचं तूच जेवतोस की रे! हसता हसता ठसका लागला.

८ मार्च
दुपारी नदीच्या वरच्या अंगाहून होडी आली. पिशव्यांत मोठाले मासे, अंगावर जाळ्याचे वळ. मालक, पाक तर्मिझी, म्हणाले, टोच चिपा. म्हणजे नदीतली चोरी कागदावर आमच्या तळ्यात जन्मणार! असा संताप आला. पण बायकोचं बाळंतपण तोंडावर आलंय. टोचल्या.

११ मार्च
आज नदीतून एक नर आला, जबडा घट्ट मिटलेला. या माशात पिल्लं बापच तोंडात सांभाळतो, दोन महिने अन्नाला शिवत नाही. आमच्या गावी असा नर जाळ्यात आला तर तोंड न उघडता परत सोडतात. आजोबांनीही सोडला होता. मालकांनी हुकूम केला आणि मी दोन्ही अंगठे घालून जबडा फाकवला. चौतीस पिल्लं पडली बादलीत. जबडा फाटलेला बाप मरेपर्यंत माझ्याकडेच बघत होता. माक यामने आज ताट लांबूनच सरकवलं.

१४ मार्च
घास जात नाही. जबडा आखडलाय. जिभेखाली काहीतरी वळवळतं. दातांच्या डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं, म्हणाला काही नाही. आरशात मलाही दिसत नाही. अरे, मग हलतंय काय?

१७ मार्च
उद्या तपासणीला अधिकारी येणार. सगळं सांगून टाकणार. माझं पोर चोराचं पोर म्हणून जन्माला यायला नको. गाल फुगलेत. भूक मात्र — नाहीच.

१८ मार्च
आल्या अधिकारीबाई. मलाच विचारलं, सगळे मासे इथलेच ना? सांगायचं होतं, अल्लाची शपथ. पण ओठ उघडले असते तर पिल्लं खाली, कोरड्या फरशीवर — नुसती मान डोलावली. बाई सही करून गेल्या.

१९ मार्च
चौतीस. जिभेने मोजली.
नदीवर जायला हवं. पाण्यात सोडायला. फाटकाला कुलूप.
माक याम खिडकीतून सांगून गेली — मालक सकाळपासून माझ्या गालांकडेच बघताहेत. बादली मागवलीय.
आले. हात धुताहेत. दोन्ही अंगठे —