पांढऱ्या रेघेपलीकडे

डेलमर कोच,

काल डॅरेल भेटला. विचिटाच्या त्या बेसबॉल मॅचची गोष्ट पोरांना रंगवून सांगत होता. "एका डावात कोच दुसऱ्यांदा पिचरपाशी गेला की पिचरला बाहेर काढावंच लागतं, एवढंही आमच्या म्हाताऱ्याला आठवेना! मी फेकतोय जोरात, आणि हे आले डुलत डुलत!" पोरं खो खो हसली.

तीस वर्षं तुम्ही चेंडू फेकणारे पिचर घडवलेत, आणि नावाला चिकटलं ते हे.

पण कॅचर म्हणून त्याच्यासमोर मी बसलो होतो. त्याचं कोपर दर चेंडूला खाली येत होतं. पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्ही विचारलंत, "दुखतंय ना रे?" तो खेकसला, "काही नाही, जा तुम्ही!" पिचर बदलणं मॅनेजरच्या हातात; तोही ऐकेना, त्याला मॅच हवी होती.

मग त्याच डावात तुम्ही पुन्हा निघालात. जी ओलांडली की फेरी मोजली जाते त्या पांढऱ्या रेघेपाशी थांबलात, खाली पाहिलंत आणि सावकाश पलीकडे पाय टाकलात. विसरलेला माणूस असा थांबत नाही, कोच.

डॅरेलला बाहेर जावं लागलं. आपण हरलो. "वय झालं, विसरलो," एवढंच तुम्ही म्हणालात, आणि मॅनेजरने त्याच आठवड्यात तुम्हाला घरी बसवलं.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुम्ही पुन्हा "विसरलो"च म्हणाल.

गोष्ट संपल्यावर डॅरेलने पोरांना चेंडू फेकून दाखवला. त्याचा हात अजून कानावरून सरळ वर जातो.

तुमचा कॅचर,
लॉनी