पोळलेल्या जागी काय होतं

तेल उडालं नव्हतं, आई. आणि कोणी तुझा हात धरूनही ठेवला नव्हता. मग खोटं कशाला बोललीस? मी तुझ्या मनगटावरच्या त्या पांढऱ्या चट्ट्यावर बोट फिरवत झोपायचे. "कुरडया तळताना तेल उडालं," एवढंच सांगायचीस. सहावीत मी हातावर बॉलपेननं माझं नाव लिहून आले, तर तू पापड लाटणं सोडून उठलीस, मोरीत नेलंस आणि घासणीनं हात लाल होईपर्यंत घासलास. "अंगावर नाव लिहायचं नाही. वहीत लिही, किती लिहायचं ते." दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणून दिलीस. त्या वहीमुळे मी लिहायला लागले असं मी लोकांना सांगते. घासणीचं सांगत नाही.

तू गेल्यावर कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी धुळ्याला टॅटूवाल्याकडे गेले आणि मनगटावर तुझं नाव काढून घेतलं. नंतर बरीच वर्षं मावशीकडे जाणं झालं नाही. परवा धरणगावला गेले, चहा घेताना बाही वर सरकली, तर तिनं माझा हात डोळ्यांजवळ ओढला. "हाई कोनं नाव शे?" म्हटलं, आईचं. "अक्कानं? नही व." आणि तिनं भलतंच नाव सांगितलं. माहेरी सगळे तुला अक्काच म्हणायचे, मला कळणार कुठून? जत्रेत हरवलीस तर सापडावीस म्हणून तुझ्या वडिलांनी ते नाव तुझ्या हातावर गोंदवून घेतलं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं लिहिलं गेलं. हातावर पहिलंच राहिलं. तू पंगतीत वाढायला वाकलीस की सासरची माणसं हात वाचायची. "सून एक आणली, वाढतेय दुसरीच." आता आजीचं, तुझ्या सासूचं, नाव निघणार म्हणून मी भांडायच्या तयारीतच बसले होते. मावशी म्हणते, "कोनी सांगं नही व. तिनीच करं बठ्ठं. चुना आनि पापडखार लायी फडकं बांधी लिधं."

पापडखार. उडदाच्या पिठात टाकायला ज्या डब्यातून तू मोजून चिमूट घ्यायचीस, त्या डब्यातला. त्यानं तू हातावरचं ते गोंदण पोळून काढलंस.

आत्ता मी जळगावात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे बसलेय. एकदा आत जाऊन आले. त्यांनी सगळं समजावलं. लेझर केलं तर सहा-आठ वेळा यायचं, मध्ये दीड-दोन महिने सोडायचे, शाई हळूहळू फिकी होते, पूर्ण जाईलच असं नाही. नाव लहान आहे, तेवढी कातडी कापून टाकेही घालता येतात, रेघ राहते. घासूनही काढतात, पण व्रण राहतो, त्या स्वतः सुचवत नाहीत. नाहीतर टॅटूवाल्याकडून वरून वेल-पानं काहीतरी काढून घ्या. "आणि घरी काही लावू नका," म्हणत त्यांनी जाड पुस्तकातला एक फोटो दाखवला. पांढरा, कडेनं गोळा झालेला चट्टा. माझं बोट आपोआप त्यावर गेलं. त्यांनी विचारलं, "कोणाचं नाव आहे हातावर?" म्हटलं, आईचं. "मग राहू द्या की." म्हटलं, ते तिचं नाव नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. "बाहेर बसा थोडं. विचार करून सांगा."

बसलेय. त्यांच्याच चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितेय आणि माझ्या डोळ्यांपुढून एकच गोष्ट हलत नाही. एका हातानं फडकं बांधलंस, म्हणजे गाठ दातानं ओढली असशील. मग उठून भाकरी टाकल्या असशील. मावशीनं सांगितलेलं नाव मी मघाशी हळूच उच्चारून पाहिलं. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं, तिला वाटलं मी तिलाच हाक मारली. माझ्या हातावरचं काढलं तर तुझी दोन्ही नावं कातडीवरून गेली, एक तू घालवलंस, एक मी. ठेवलं तर त्या पंगतीत बसून मीही हसतेय असं वाटतं.

आतून माझा नंबर पुकारताहेत. मी चपला घातल्यात, आत जायला नाही. आता कागद घडी करून पर्समध्ये टाकेन. तू काही म्हणायच्या आत एक सांगून जाते. टॅटूवाल्यानं नाव लिहून मागितलं, तेव्हा मी तुझ्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स पुढे केली होती. तू होतीस तेव्हा, तुझं नाव काय, असं मी तुला कधी विचारलंच नव्हतं.