नाल, तारा आणि माझी आद्याक्षरे

३ मार्च
निर्णय झाला. बाबांची चंद्रकोर रद्द. गुरांवर डागायच्या खुणेच्या नोंदणीची मुदत एकतीसला संपते. दहा वर्षांनी एकदा येणारी संधी. आजवर आमच्या गुरांच्या पुठ्ठ्यावर एक चंद्रकोर, खाली रेघ. डोळे मिटून कोणीही काढील. नवी खूण: माझी दोन आद्याक्षरे परस्परांत गुंफलेली, भोवती घोड्याची नाल, वर पाच टोकांचा तारा. पंपाच्या सबंध गवताळ मुलखात अशी नसेल.
संकल्प: रोज पहाटे उठून डिझाइनवर काम.

४ मार्च, सकाळी अकरा
उठलो. कोंबड्याने दगा दिला.

९ मार्च
बासिलियो लोहाराकडे. चित्र पाहून त्याने येर्बाच्या चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "मालक, वेटोळी इतकी जवळ आली की मधली कातडीपण भाजते. वासरावर करपलेला पाव दिसेल." लोहारांची कलाविमुखता हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. डागणी घडवायला सांगितली. घडवतो म्हणाला, फक्त कोणी घडवली ते गावात सांगू नका. विनय आवडला.

१७ मार्च
ओतिलियाशी वाद. थोरली बहीण, त्यामुळे ऐकून घ्यावे लागते. म्हणते, गोठ्यातल्या सगळ्या गायी आपल्या आहेत हे त्या चंद्रकोरीवरूनच ठरतं, ती सोडू नकोस. शांतपणे समजावले की गायी मला ओळखतात. तीस वर्षे आजारी वासरांना बाटलीने दूध पाजून तिची दृष्टी गोठ्यापुरती झाली आहे. बाबांनी खूण माझ्या नावे केली आणि तिला शिवणयंत्र दिले, ते उगाच नव्हे.

२६ मार्च
खुणांच्या ऑफिसात रांग असते, आणि ती नेमकी माझ्या झोपेच्या वेळी. दोन्ही अर्ज सही करून ओतिलियाकडे दिले: एक नव्या खुणेचा, एक जुनी सोडल्याचा. दारात थांबून तिने दोनदा विचारले, जुनी खरंच नको ना? म्हटले, ज्याला हवी त्याने घ्यावी. ती केस विंचरून, चर्चला जायचे बूट घालून गेली. दोन कागद पोचवायला एवढा थाट कशाला, कळले नाही.

१८ एप्रिल
डाग देण्याचा दिवस. शेजारी घोड्यांवरून आले. दोर टाकून पहिले वासरू पाडले. डागणी उचलायला दोघे लागले. कातडीवर एक काळा गोळा उमटला. शेजारी सभ्य आहेत. एक म्हणाला, किटली छान आलीय. दुसऱ्याला घुबड वाटले. तिसऱ्या वासरानंतर सगळ्यांना एकदम घरची कामे आठवली. बासिलियोने मुद्दाम केले, यात शंका नाही.

२ मे
वीस गायी बाजारात न्यायचा परवाना मागितला. कारकुनाने रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवले. चंद्रकोर, खाली रेघ: मालकीण ओतिलिया. नोंद सव्वीस मार्चची.
"बहिणीची सही आणा," तो म्हणाला.
म्हटले, गायी मला ओळखतात.
"त्यासाठी इथे रकाना नाही."

२ मे, दुपारी
झोप नाही. ओतिलिया शिवणयंत्रावर होती. म्हटले, "सख्ख्या भावाला फसवलंस."
तिने मान वर केली नाही. "दोनदा विचारलं होतं रे. तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. हवी म्हणाला असतास तर?"
संकल्प: तिच्याशी आजन्म अबोला.

३ मे
सही मागावी लागली. तिने दिली. वर कॉफीही दिली. विश्वासघातक्यांचा हा उद्दामपणा.

१६ मे
उरलेल्या वासरांना चंद्रकोर. तेच शेजारी आले, या वेळी कोणाला घरचे काम आठवले नाही. प्रत्येक पुठ्ठ्यावर कोर स्वच्छ. डागणी ओतिलियाच्या हातात. बाबांनी ती तिच्या हाती कधी दिली नव्हती.
मला जेवणासाठी गायीच्या बरगड्या भाजायला बसवले. जाळीचा पाय मोडला होता, म्हणून बासिलियोने माझी डागणी आणून निखाऱ्यांवर आडवी टाकली. निषेध नोंदवून बरगड्या तिच्यावरच मांडल्या. मंद आच, तीन तास. बरगड्या उलटल्या आणि पाहतच राहिलो: नाल, तारा, गुंफलेली अक्षरे, एकेक वळण सुटे.
थाळी दोन्ही हातांनी धरून सगळ्यांना दाखवायला निघालो. वाटेत पहिली ओतिलियाच लागली. तिने ताऱ्यावरून सुरी फिरवली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय."