गाळावरच्या काकड्या

२ मार्च २०२५

उंबर वर आला! झाड कसलं, काळं पडलेलं खोड नुसतं. पण वर आला.

दरवर्षी असंच. धरणाचं पाणी उतरतं तसं आमचं बुडालेलं गाव थोडं थोडं करून बाहेर येतं. आधी मारुतीचा चौथरा, मग आमच्या वस्तीची विहीर, सगळ्यात शेवटी ओहोळाकाठचा उंबर. सकुबाई दारातून म्हणाली, "चल गो, दिसला." बाकी काही नाही. मी चप्पल घातली.

जुन्या गावात सकुबाईच्या आळीतल्या विहिरीवर आम्हाला पाणी नव्हतं. मसणवटसुद्धा वेगळी. पण दात न आलेली तान्ही गेली, तर ती सगळ्यांची इथेच – उंबराखाली, एका ओळीत. जात लागायच्या आधीच गेलेली लेकरं! सकुबाईचे दोन मुलगे आहेत तिथे. माझी एक मुलगी. बारसं व्हायचं होतं. पुरायला बायकांनी जायचं नसतं. ह्यांनी नेली, आणि जागा मला नंतर दाखवली. दोन वर्षांनी धरण भरलं.

काकडीचं बी टोचून आलो. आम्हा बायकांची ही रीत – गाळ उघडा पडला की आपापल्या जागेवर काकडी लावायची. फळ विकायचं नाही, घरात चिरायचं नाही. वाटेत भेटेल त्या पोराच्या हातात द्यायचं. आणि का, ते बोलायचं नाही. कुणी विचारलंच तर गाळावर पेरलंय म्हणायचं.

९ मार्च

रुजलं.

३० मार्च

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागलीय. कुठलीशी कंपनी धरणात शिंपले पाळणार, मोत्यांसाठी. पाण्यात जाळीच्या पिशव्या टांगणार, आणि उघड्या पडणाऱ्या काठावर जेसीबीनं तळी खणणार. ओहोळाचे दोन्ही काठ ठेक्यानं मागितलेत. कुणाची हरकत असल्यास कळवावी.

जेसीबीनं. हा शब्द मी तीनदा वाचला.

मुकेश तिथेच उभा. माझ्या भावाचा मुलगा. तोंड असं उजळलेलं की बघवेना! "आत्या, मोती पिकनार गो आपल्याकडं. मला सुपरवायझर घेतो बोललेत." तो कल्याणला दुकानात कामाला जातो, पहाटेची जीप धरून. परत येतो तेव्हा त्याची लेक मेघा झोपलेली असते. रविवारी ती त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघते. त्याचा आनंद खोटा कसा म्हणू?

म्हणाले, "मी हरकत घेणार आहे."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

१४ एप्रिल

खर्डीला भाषण. मंडप भरलेला, मागे पोरं उभी. मी म्हणाले, जे तपासून पाहिलं नाही ते मानू नका – आजीनं सांगितलं म्हणून नको, मी सांगते म्हणूनही नको! टाळ्या थांबेनात. चाळीस वर्षं हेच बोलतेय. शाळेत बोलले, निवृत्त झाल्यावर शहापूर-मुरबाडच्या गावोगाव बोलले. कपाटात मावत नाहीत इतकी पुस्तकं वाचली आणि एका शब्दाबद्दल शंका नाही.

आणि सकाळी मंडपात जाण्याआधी खाली उतरून वेलाला पाणी घालून आले होते.

तपासून काय पाहू? गाळ आहे. गाळाखाली माती. मला ठाऊक आहे की तिथे आता काहीही नसणार. तरी जाते.

१८ एप्रिल

सकुबाईशी भांडण. म्हणजे भांडले मीच.

मी म्हणाले, हरकतीत खरं ते लिहूया – इथे आमची लेकरं पुरलीत. पंधरा-वीस बायका तरी निघतील, कुणब्यांच्या, आमच्या, ठाकरांच्या. अंगठे घेऊ. कुठला साहेब त्यावर जेसीबी घालील?

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "नाव नाय काढायचा."

"का?"

"पोटुशी हाय घरात."

सारिका, तिची नातसून. पाचवा महिना. याआधी दोनदा गेलं. गेलेल्या तान्ह्याचं नाव काढलं की येणाऱ्याला लागतं, असं सकुबाई मानते. मी सगळं सांगितलं – रक्त कमी असतं, गोळ्या घेतल्या नव्हत्या, शास्त्र काय म्हणतं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तू शिकलेली. तुजा खरा असंल. पन तिचा परत गेला, तर तू मला काय सांगशील?"

मंडपातल्या हजार माणसांना उत्तर देईन. इथे मी सुपातले खडे वेचायला लागले.

सारिका आतून चहा घेऊन आली. मला म्हणाली, "बाई, काकडी लागली का गो खाली?" मी म्हणाले, फुलं आलीत.

२१ एप्रिल

हरकत लिहिली. पाण्यावरच लिहिली – हे शहरांचं पिण्याचं पाणी, शिंपल्यांना खत-औषधं पडणार, मासे मरणार, धरणात घरं गेलेल्यांचा काठावर पहिला हक्क. कलमं घातली. सगळं खरं आहे, एकही वाक्य खोटं नाही. उंबर कुठेच नाही.

४ मे

काकड्या लागल्या! हिरव्या, काटेरी, बोटभर. सकुबाईच्या वेलाला जास्त. तिनं मला चिडवलं – "तुजी अजून रुसलीय." मला हसू आलं आणि लगेच दुसरंही. तिथेच बसून राहिलो दोघी, ऊन चढेपर्यंत.

येताना मेघा भेटली. तिच्या हातात दिली. तिनं उभ्या उभ्या खाल्ली, देठासकट.

मुकेश मागून आला. "लहानपनी मलापन द्यायचीस. तेवढ्यासाठी वाटेवर थांबायचो." मग – "आत्या, भाषणानं भात शिजत नाय गो. हरकत काढून घे ना."

मी नाही म्हणाले. तो मुलीला खांद्यावर घेऊन पुढे गेला.

१९ मे

सुनावणी, मुरबाडला. दोन जीपा भरून माणसं नेली. सकुबाईही आली – गुडघे धरून, लुगड्याला इस्त्री केलेली. माझ्या शेजारी बसली.

कंपनीचा माणूस नम्र होता. चित्रं दाखवली, रोजगार सांगितला. मुकेश आणि त्याचे मित्र पलीकडच्या बाकावर. मग मला बोलावलं.

सुरुवातीला सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी साधं विचारलं, "बाई, त्या जागेशी तुमचा स्वतःचा काही संबंध आहे का?"

मी सकुबाईकडे बघितलं. तिनं मान हलवली नाही. फक्त पदर घट्ट धरला.

साधा प्रश्न होता तो, चांगल्या माणसानं विचारलेला. दार उघडं होतं. मी त्यातून गेले नाही. म्हणाले, "संबंध? हे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचा संबंध!" आणि मग सुटलेच. काय बोलले मी आज! कित्येक वर्षांत अशी बोलले नव्हते. पाण्यावरून सुरू केलं, बुडालेल्या घरांवर आले, पुन्हा पाण्यावर. शेवटी मेजावर हात आपटून म्हणाले, "या काठाला एकाही माणसाचा हात लागता कामा नये!"

माणसं उठून उभी राहिली. साहेब लिहून घेत होते.

परतताना जीपमध्ये सकुबाई म्हणाली, "ग्वाड बोललीस." घाटाच्या वळणावर माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

१३ जून

जिंकलो.

परवानगी नाकारली. निकालाचा कागद घेऊन ग्रामसेवक स्वतः घरी आले. पोरांनी फटाके लावले. मी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं.

दुसऱ्या पानावर माझंच वाक्य आहे. हरकतदार बाईंनी योग्यच म्हटल्याप्रमाणे काठाला एकाही माणसाचा हात लागता कामा नये. म्हणून पाण्याच्या कडेचा सगळा पट्टा बंद. कुंपण घालायचं. गाळावरची पेरणी, गुरं, माणसांची ये-जा – सगळ्याला मनाई. कायमची.

पुन्हा वाचलं. शब्द माझेच होते. आवाजही माझाच ऐकू येत होता.

१६ जून

मुरबाडला जाऊन आले. साहेबांना सांगायचा प्रयत्न केला – पेरणीपुरतं तरी, काही बायकांना, वर्षातून काही दिवस. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, हरकतीत नव्हता तो मुद्दा आता घेता येत नाही. तेव्हा का नाही सांगितलंत? कारण काय आहे?

सारिकाचा सातवा महिना चालू आहे.

मी म्हणाले, "काही नाही. असंच."

२९ जून

खांब रोवतायत. मजूर आमच्याच गावचे. मुकेशही आहे त्यांच्यात, रविवारपुरता, रोजावर. मला बघून पहार खाली ठेवली.

"माजी सुपरवायझरची नोकरी गेली, जाऊ दे. पन तू जिंकलीस ना आत्या? मग अशी का दिसतेस?"

माझी नजर वेलांकडे गेली. तो कुंपणापलीकडे बघत राहिला. वेल वाळले होते. एक काकडी पिवळी होऊन तशीच पडलेली.

"म्हंजे आता काकड्या नाय," तो म्हणाला. प्रश्न नव्हता.

८ जुलै

सकुबाई येत नाही. मी जात नाही. राग नाही कुणाचा कुणावर. समोरासमोर बसलो की तेच आठवणार, आणि तेच बोलायचं नाही. मग बसून करायचं काय?

३० जुलै

पाणी चढलं. उंबर गेला. कुंपण दिसतंय.

२२ ऑगस्ट

सारिकाला पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. सकुबाई सकाळीच आली, काठी टेकत, तोंडभर हसत. माझ्या हातावर साखर ठेवली. मग दारात कुणी नाही असं बघून जवळ आली आणि म्हणाली, "आता बोल गो त्या सायबांना. आता चालंल."